लॅपटॉपची स्क्रीन वरून, खालून आणि बाजूने कशी तपासावी: खरेदीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

कोकणातल्या घरांत लॅपटॉप बहुतेक वेळा दोन वाटांनी येतो. एक तर तो ऑनलाइन मागवला जातो आणि कुरिअरने चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीपर्यंत पोहोचतो, नाहीतर मुंबईतला भाऊ किंवा मामा तो लॅमिंग्टन रोडवरून घेतो आणि गणपतीला गावी येताना सोबत आणतो. दोन्ही वाटांनी आलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर, रॅम आणि किंमत यांची चौकशी झालेली असते, पण स्क्रीन मात्र कोणी नीट पाहिलेली नसते. मग ओटीवर बसून तो उघडल्यावर लक्षात येते की समोरून ठीक दिसणारे चित्र उभे राहून पाहिले की पांढरट पडते आणि झाकण जरा मागे सारले की काळवंडते. हा बिघाड नसतो. त्या प्रकारच्या पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा, तो गुणधर्मच असतो, आणि म्हणूनच विक्रेता तो दोष मानत नाही व लॅपटॉप बदलूनही देत नाही. ही फसगत टाळायची असेल तर तपासणी पैसे देण्याआधी आणि पुढे दिलेल्या क्रमानेच व्हायला हवी.

टप्पा १ : स्क्रीन कोण, कुठून आणि कोणत्या उजेडात पाहणार ते लिहून काढा

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. लॅपटॉपसमोर एका वेळी किती माणसे असतील, ती बसलेली असतील की उभी, आणि उजेड कुठून येईल, या तीन गोष्टी लिहा. खोलीत दार लावून एकटीच अभ्यास करणारी मुलगी आणि तारकर्लीत येणाऱ्या पाहुण्यांना काउंटरवर स्क्रीन वळवून खोल्यांचे फोटो दाखवणारा होमस्टेचालक यांच्या गरजा एक नाहीत. शिक्षक लॅपटॉप टेबलावर ठेवतात आणि भोवती पाच-सहा मुले उभी असतात, त्यामुळे त्या मुलांची नजर वरून आणि तिरकी पडते. आंबा बागायतदार पेट्यांचा हिशेब भागीदाराला दाखवतो तेव्हा दोघेही शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि स्क्रीन कोणाच्याच अगदी समोर नसते.

बसण्याची पद्धत हा मुद्दा सहसा राहून जातो. जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप मांडीवर किंवा बुटक्या चौरंगावर घेतला की डोळे स्क्रीनच्या बरेच वर येतात. अशा वेळी झाकण पुरेसे मागे गेले पाहिजे. काही लॅपटॉपची बिजागरी साधारण १३० ते १३५ अंशांवर थांबते, आणि मग स्क्रीन वरून पाहण्यावाचून इलाज राहत नाही. घरात असे बसणे होत असेल तर कागदावर ठळक लिहा : वरून पाहिल्यावर चांगले दिसलेच पाहिजे.

सूचना : "आम्ही समोरूनच बघतो" एवढ्यावर हा टप्पा सोडू नका. १५.६ इंची स्क्रीनची उंची सुमारे १९.४ सेंटीमीटर असते. डोळे स्क्रीनच्या मध्यासमोर आणि ५० सेंटीमीटर अंतरावर असले तरी वरच्या व खालच्या कडेकडे जाणारी नजर प्रत्येकी सुमारे ११ अंशांनी तिरकी होते. पॅनेल हलक्या प्रतीचे असेल तर अगदी समोर बसूनही वरच्या पट्टीतला आणि खालच्या पट्टीतला एकच रंग वेगवेगळा दिसतो.

टप्पा २ : पॅनेलचा प्रकार आधी पक्का करा

व्ह्यूइंग अँगल, म्हणजे किती तिरके पाहिले तरी चित्र नीट दिसते तो कोन, सगळ्यांत जास्त कशावर अवलंबून असेल तर तो पॅनेलच्या प्रकारावर. लॅपटॉपमध्ये आज प्रामुख्याने टीएन, आयपीएस आणि ओएलईडी असे तीन प्रकार भेटतात, आणि व्हीए हा चौथा प्रकार क्वचित दिसतो.

टीएन हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे आणि तक्रारी बहुतेक याच्याच असतात. बाजूने पाहिल्यावर तो थोडा फिकट आणि पिवळट होतो, आणि तेवढे अनेकांना चालून जाते. खरी अडचण उभ्या दिशेत येते. वरून पाहिले की फिकट रंग धुऊन निघतात, आणि खालून पाहिले, म्हणजे झाकण जास्त मागे सारले, की चित्र काळवंडते व गडद भाग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे दिसू लागतात. अशा पॅनेलच्या तांत्रिक पत्रकात डावीकडे ४५, उजवीकडे ४५, वर १५ आणि खाली ३५ अंश असे आकडे वारंवार आढळतात. वरच्या दिशेला फक्त १५ अंश, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आयपीएसमध्ये चारही दिशांनी रंग जवळजवळ तसेच राहतात. तिरके पाहिल्यावर उजेड कमी होतो, पण रंग फारसा बदलत नाही. अंधाऱ्या खोलीत काळे चित्र तिरके पाहिले तर कोपऱ्यांत किंचित राखाडी किंवा पिवळसर चमक दिसते. ती या प्रकाराची ओळखच आहे, तिला घाबरून चांगली स्क्रीन नाकारू नका.

ओएलईडीत काळा रंग पूर्ण काळा असतो आणि तिरक्या नजरेलाही चित्र टिकते, मात्र फार तिरके पाहिल्यास पांढऱ्या रंगावर हलकी निळसर किंवा हिरवट छटा येऊ शकते. बहुतेक ओएलईडी स्क्रीन चकचकीत काचेच्या असतात, आणि समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत त्यांच्यावर आकाशाचेच प्रतिबिंब पडते. दिवसभर हिशेबाचे एकच पान उघडे ठेवणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. ओएलईडीवर स्थिर चित्राचा डाग कालांतराने उमटण्याचा धोका असतो. कमी ब्राइटनेसवर या स्क्रीनची सूक्ष्म लुकलुक काहींच्या डोळ्यांना त्रास देते, तेव्हा शक्य असेल तर घेण्यापूर्वी ब्राइटनेस उतरवून थोडा वेळ वाचून पाहा.

माझे मत स्पष्ट आहे : घरात एकापेक्षा जास्त माणसे लॅपटॉप वापरणार असतील तर आयपीएसपेक्षा खाली उतरू नये. बजेट ताणत असेल तर टच, १४४ हर्ट्झ किंवा जास्तीचे रिझोल्यूशन सोडून द्यावे. रॅमची खाच मोकळी असेल तर रॅम पुढे वाढवता येते, पण स्क्रीन बदलणे खर्चाचे आणि जोखमीचे काम आहे.

टप्पा ३ : जाहिरातीतले शब्द गाळून घ्या

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण विक्रीच्या पानावर स्क्रीनविषयी पाच-सहा शब्द असतात आणि त्यांपैकी व्ह्यूइंग अँगलशी संबंध एखाद्याचाच असतो.

"फुल एचडी" म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. फुल एचडी टीएन पॅनेल पुष्कळ आहेत. "एलईडी" हा मागच्या दिव्याचा प्रकार आहे आणि तो टीएनमागेही असतो, आयपीएसमागेही. "अँटी-ग्लेअर" किंवा एसरच्या पानावर दिसणारे "कम्फीव्ह्यू" म्हणजे पृष्ठभागाचा मॅट लेप. "मायक्रो-एज" आणि "नॅनोएज" म्हणजे बारीक कडा. यांपैकी एकाही शब्दावरून पॅनेल तिरके कसे दिसेल ते कळत नाही.

कामाचे शब्द वेगळे आहेत. "आयपीएस", "डब्ल्यूव्हीए" आणि एचपीच्या पत्रकातले "यूडब्ल्यूव्हीए" हे रुंद कोनाचे निदर्शक आहेत. "एसव्हीए" म्हणजे साधा, मर्यादित कोन, आणि व्यवहारात तो टीएनच समजावा. "आयपीएस-लेव्हल" लिहिलेले पॅनेल सहसा चांगले असते, पण त्याची तपासणी डोळ्यांनी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रकार लिहिलेलाच नसेल, फक्त "२५० निट, ४५ टक्के एनटीएससी, अँटी-ग्लेअर" एवढेच असेल (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप, एनटीएससी हे रंगव्याप्तीचे), तर टीएन आहे असे धरूनच चौकशी करा. विक्रेत्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट असली की तो ती सांगतोच.

आता १७८ अंशांच्या आकड्याबद्दल. हा आकडा म्हणजे प्रत्येक बाजूला ८९ अंश. मोजण्याची रीत अशी असते की काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे प्रमाण, १० : १ इतका खाली येईपर्यंतचा कोन धरायचा. समोरून आयपीएसचा काँट्रास्ट सहसा ८०० : १ ते १००० : १ च्या आसपास असतो, म्हणजे १० : १ ला चित्र केवळ ओळखू येण्याजोगे उरलेले असते. त्या कोनात रंग कसे असतील आणि उजेड किती उरेल याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून १७८ लिहिलेल्या दोन स्क्रीन शेजारी ठेवल्या तर त्या वेगळ्या दिसू शकतात. काही पत्रकांत टीएनसमोर नुसते "९० अंश" लिहिलेले असते. तो डावे ४५ आणि उजवे ४५ मिळून झालेला आडवा आकडा आहे, उभ्या दिशेचा नाही.

रंगांची व्याप्ती हा वेगळा विषय आहे आणि त्याची व्ह्यूइंग अँगलशी गल्लत करू नये. ४५ टक्के एनटीएससी असलेले आयपीएस पॅनेल सर्व बाजूंनी सारखे दिसते, पण सगळीकडून सारखेच फिके. पत्रव्यवहार, अभ्यास, हिशेब यांना ते पुरते. पाहुण्यांना समुद्राचे फोटो दाखवायचे असतील किंवा लग्नाचे अल्बम करायचे असतील तर १०० टक्के एसआरजीबी, म्हणजेच साधारण ७२ टक्के एनटीएससी मागावे.

टप्पा ४ : नावावर जाऊ नका, पूर्ण कोड मिळवा

ही पायरी गाळल्यामुळे झालेली चूक सर्वांत महागात पडते. लॅपटॉपच्या झाकणावर किंवा विक्रीच्या पानावर जे नाव असते ते एका मालिकेचे नाव असते. त्याच नावाखाली एक प्रत टीएन पॅनेलची आणि दुसरी आयपीएसची निघते, आणि दोन्हींचे फोटो एकसारखेच असतात. मुंबईतल्या नातेवाइकाला फोनवर नुसते नाव सांगितले की तो दुकानात त्या नावाचा सर्वांत स्वस्त नग उचलतो, आणि तो नग टीएनचा असण्याचीच शक्यता अधिक असते.

म्हणून पूर्ण उत्पादन कोड मागा. लेनोवोचा कोड दहा अक्षर-अंकांचा असतो आणि भारतात विकल्या जाणाऱ्या प्रतीच्या शेवटी "आयएन" येते. एचपीचा उत्पादन क्रमांक खोक्यावर आणि तळाच्या लेबलवर असतो. डेलच्या यंत्रावर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो, आणि तो कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की त्या नगाची मूळ जडणघडण दिसते. लेनोवोचे "पीएसआरईएफ" हे तपशिलांचे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले आहे आणि त्यात पॅनेलचा प्रकार, निट आणि रंगव्याप्ती ओळीने दिलेली असते. मात्र मालिकेच्या पानावर अनेक पर्याय एकत्र असतात, तेव्हा आपल्या कोडचे पान उघडले आहे ना याची खात्री करा.

पडताळणी : कोड, पॅनेलचा प्रकार आणि निट या तिन्ही गोष्टी विक्रेत्याकडून व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. तोंडी "आयपीएसच आहे, साहेब" याला परतीच्या वेळी काही किंमत नसते.

टप्पा ५ : तपासणीची चित्रे घरीच तयार करा

दुकानातल्या लॅपटॉपवर कंपनीचा झगमगता व्हिडिओ चालू असतो. गडद निळे, केशरी, हलते रंग कोणत्याही पॅनेलवर बरे दिसतात. दोष उघडे पडतात ते अगदी फिकट आणि अगदी गडद छटांमध्ये, त्यामुळे तशी स्थिर चित्रे सोबत न्या. विंडोजच्या पेंटमध्ये ती सहज होतात.

पहिले चित्र फिकट छटांचे. १९२० गुणिले १०८० आकाराचे पांढरे पान घ्या. "एडिट कलर्स"मध्ये लाल, हिरवा, निळा या तिन्ही चौकटींत २५० भरून मोठ्या टायपात क लिहा. मग २४५ ने ख, २४० ने ग आणि २३० ने घ लिहा. हीच चार अक्षरे पानाच्या वरच्या भागात, मध्ये आणि तळाशी अशी तीन वेळा यायला हवीत. दुसरे चित्र गडद छटांचे. पूर्ण काळ्या पानावर १०, २०, ३० आणि ४५ या मूल्यांनी चार अंक लिहा. तिसरे चित्र म्हणजे १२८ मूल्याचे सपाट राखाडी पान, त्यावर काहीही नको. चौथा एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोटो, कारण चेहऱ्याच्या रंगातला फरक डोळ्यांना चटकन कळतो. ही चित्रे पीएनजी म्हणून साठवा. जेपीजीत छटा किंचित बदलतात आणि मग चाचणीला अर्थ राहत नाही.

हिशेबाचे काम करणाऱ्यांनी आपली खरी एक्सेल फाइलही न्यावी. ज्या व्यापाऱ्यांची रक्कम यायची आहे त्यांच्या ओळी फिकट पिवळ्या करण्याची अनेकांची सवय असते. टीएन स्क्रीनवर तीच फाइल बसून पाहिली तर पिवळ्या ओळी दिसतात, पण शेजारी उभा असलेला भागीदार वरून पाहतो तेव्हा त्या पांढऱ्यात मिसळून जातात आणि कोणाची बाकी राहिली आहे ते त्याला दिसतच नाही. हा फरक दुकानात एकदा स्वतः पाहिलात की टीएन का नको हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सूचना : पेन ड्राइव्ह लावू न देणारी दुकाने पुष्कळ आहेत. चित्रे ईमेलमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवून त्यांची लिंक तयार ठेवा. तेही जमले नाही तर दुकानातल्याच पेंटमध्ये पहिले चित्र काही मिनिटांत करता येते.

टप्पा ६ : स्क्रीन चाचणीयोग्य करा

सेटिंग तशीच ठेवून केलेली तपासणी चुकीचा निकाल देते. प्रथम स्क्रीनवर प्लास्टिकचा संरक्षक कागद असेल तर तो काढायला सांगा. चार्जर जोडा. ब्राइटनेस १०० टक्के करा. नाइट लाइट आणि एचडीआर बंद करा. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ब्राइटनेस या क्रमाने जाऊन चित्राप्रमाणे ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय दिसत असेल तर तोही बंद करा.

बॅटरीवर असताना एएमडीचे "व्हेरी-ब्राइट" आणि इंटेलचे डिस्प्ले वीजबचत तंत्र स्क्रीनचा काँट्रास्ट आपोआप बदलते. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, चित्र फिकट होते आणि घरातले स्क्रीन बिघडल्याची तक्रार करतात. दोष पॅनेलचा नसतो. एएमडी किंवा इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय बंद करता येतो.

सूचना : ऑफिससाठीच्या काही लॅपटॉपमध्ये, जसे एचपीच्या "शुअर व्ह्यू" असलेल्या मॉडेलमध्ये, शेजारच्याला दिसू नये म्हणून कोन मुद्दाम अरुंद करण्याची सोय असते. ती चालू राहिली असेल तर चांगली स्क्रीनही वाईट ठरेल. वापरलेला ऑफिस-लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावे. वरून चिकटवलेली प्रायव्हसी फिल्मही हेच करते.

टप्पा ७ : डोळ्यांनी तपासणी, आधी उभी आणि मग आडवी

बहुतेक लोक डावीकडे-उजवीकडे मान हलवून "छान दिसते" म्हणतात आणि थांबतात. टीएन नेमके याच चाचणीत निभावून जाते. म्हणून उभ्या दिशेची तपासणी आधी करा.

१. राखाडी पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, डोळे मध्यासमोर आणि सुमारे ५० सेंटीमीटरवर ठेवा. वरचा आणि खालचा एक-तृतीयांश भाग सारखा दिसतो का पाहा. वर गडद आणि खाली उजळ, किंवा उलट, असा सलग उतार दिसला तर पॅनेल टीएन असण्याची दाट शक्यता आहे.

२. डोके न हलवता झाकण हळूहळू मागे सारत न्या. गडद चित्रातले अंक उलटे, म्हणजे पार्श्वभूमीपेक्षा काळे, दिसू लागले तर इथेच थांबा आणि दुसरा लॅपटॉप मागा.

३. झाकण पुन्हा नेहमीच्या कोनात आणा आणि उभे राहा. आता फिकट चित्रातली कोणती अक्षरे वाचता येतात? चांगल्या आयपीएसवर ग आणि घ स्पष्ट दिसतात, ख बहुधा दिसतो, क जेमतेम. तीन ठिकाणी लिहिलेली अक्षरे तिन्ही ठिकाणी सारखीच दिसली पाहिजेत. टीएनवर वरच्या आणि खालच्या ओळीत मोठा फरक पडतो.

४. मग बाजू. ४५ अंश मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. स्क्रीनपासून जितके पुढे आहात तितकेच बाजूला सरका. समोर ६० सेंटीमीटर अंतर असेल तर बाजूलाही ६० सेंटीमीटर. या वेळी चेहऱ्याचा फोटो लावा. उजेड कमी झाला तरी हरकत नाही, पण त्वचेचा रंग पिवळा, हिरवट किंवा राखेसारखा होता कामा नये. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्रपणे पाहा.

५. शेवटी तिरप्या कोपऱ्यातून, म्हणजे वरून आणि बाजूने एकाच वेळी. भोवती जमलेल्या मुलांची नजर खरोखर अशीच असते. व्हीए पॅनेल असेल तर इथे ते ओळखता येते, कारण समोरून खोल काळे दिसणारे भाग तिरके पाहताना राखाडी होऊन जातात.

पडताळणी : सोबतच्या माणसाला बाजूला उभे करून तुम्ही समोर बसा आणि दोघांनी एकाच वेळी दिसणारी अक्षरे मोठ्याने वाचा. दोघांची उत्तरे जवळपास जुळली तर ती स्क्रीन घराला पुरते.

फोनच्या कॅमेऱ्यावर निर्णय घेऊ नका. नातेवाइकाने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन फिरवून दाखवली तरी कॅमेरा प्रत्येक कोनात उजेड स्वतःच जुळवून घेतो, त्यामुळे वाईट पॅनेल बरे आणि चांगले पॅनेल वाईट दिसू शकते. त्याऐवजी चित्रे त्याला आधी पाठवा आणि विचारा, "उभा राहून कोणती अक्षरे वाचता येतात?" या प्रश्नाला "छान आहे" हे उत्तर देता येत नाही, अक्षरेच सांगावी लागतात. मुंबईतल्या मामांना पॅनेलमधले काही कळत नसले तरी एवढे ते बिनचूक सांगतील.

टप्पा ८ : दाराशी नेऊन उजेडात पाहा

कोन चांगला असूनही उजेड कमी पडला तर स्क्रीन निरुपयोगी ठरते, कारण तिरक्या नजरेला आयपीएसचा उजेड आधीच घटलेला असतो. दुकानाच्या आतल्या ट्यूबलाइटमध्ये २५० निट पुरेसे वाटतात. दुपारच्या पडवीत, समोर उन्हाने तापलेले चिऱ्याचे अंगण असताना, ते पुरत नाहीत. खोलीत वापरायचे तर २५० चालेल, खिडकीजवळ किमान ३००, आणि पडवीत किंवा होमस्टेच्या उघड्या काउंटरवर ४०० च्या पुढे, असा माझा हिशेब आहे.

लॅपटॉप दुकानाच्या दारापर्यंत न्यायची परवानगी मागा. काळे चित्र लावा आणि उजेडाकडे पाठ करून बसा. स्वतःचा चेहरा आरशासारखा स्पष्ट दिसला तर काच चकचकीत आहे. मॅट स्क्रीनवर उजेडाचा पसरट धूसर डागच दिसतो. मग पांढरे पान लावून बाजूने वाचून पाहा.

किनाऱ्यालगतच्या घरांत स्क्रीनवर खारट, चिकट थर बसतो आणि उजेड त्यावर विखुरतो. जुन्या लॅपटॉपशी तुलना करणार असाल तर त्याची स्क्रीन आधी पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसून घ्या.

टप्पा ९ : घरी आल्यावर त्याच दिवशी पॅनेल पडताळा

परतीची मुदत बिलाच्या किंवा डिलिव्हरीच्या तारखेपासून चालू होते, तुम्ही खोके उघडता त्या दिवसापासून नाही. मुंबईत श्रावणाच्या सुरुवातीला घेतलेला लॅपटॉप गावी चतुर्थीला उघडला तर मुदत संपून गेलेली असते. म्हणून खोके मुंबईतच उघडून टप्पा ७ तिथेच करून घ्यावा, हे नातेवाइकाला पैसे पाठवतानाच सांगून ठेवा. ऑनलाइन मागवत असाल तर परतीच्या अटी आधी वाचा. अनेक ठिकाणी फक्त सदोष नग बदलून मिळतो आणि "बाजूने नीट दिसत नाही" हा दोष धरला जात नाही. पण लेखी सांगितलेले आयपीएस पॅनेल निघाले नाही, तर ती चुकीच्या मालाची तक्रार होते आणि तिला वजन असते.

हे सिद्ध करण्यासाठी डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटर्समधल्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सवर जा आणि हार्डवेअर आयडी निवडा. तिथे बीओई, एयूओ, सीएमएन, एलजीडी किंवा एसडीसी अशी निर्मात्याची तीन अक्षरे आणि पुढे एक कोड दिसतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा पॅनेलचा पूर्ण क्रमांकही मिळतो. बीओईचा क्रमांक "एनटी"ने सुरू झाला तर टीएन, "एनव्ही"ने सुरू झाला तर आयपीएस वर्गातला. एयूओच्या क्रमांकात आकड्यांनंतर "एचटीएन" असेल तर टीएन, "एचएएन" असेल तर आयपीएस वर्गातला. या पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि व्हॉट्सअॅपवरचा लेखी तपशील एकत्र ठेवा. खोके आणि आतले थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका.

आधीच टीएन लॅपटॉप घरात असेल तर

पॅनेल बदलता येते, पण आधी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : आकार व बसवण्याच्या पट्ट्या, जोडणीच्या पिना आणि त्यांची जागा. साध्या ६० हर्ट्झ फुल एचडी पॅनेलला सहसा ३० पिनांची ईडीपी जोडणी असते. टच किंवा जास्त हर्ट्झच्या पॅनेलला ४० पिनांची. फार जुन्या लॅपटॉपमध्ये एलव्हीडीएस जोडणी असते आणि तिथे नवे ईडीपी पॅनेल चालत नाही. मेकॅनिकला पॅनेलच्या मागचे लेबल पाहूनच ऑर्डर द्यायला सांगा, लॅपटॉपच्या नावावरून नको. वॉरंटी चालू असेल तर हे काम बाहेर करू नका.

लॅपटॉप एकाच जागी राहत असेल तर पॅनेल बदलण्यापेक्षा एचडीएमआय केबलने आयपीएस मॉनिटर जोडणे अधिक सोपे आहे. तोवर टीएन स्क्रीनवर झाकणाचा कोन मुख्य वाचकाच्या डोळ्यांप्रमाणे लावा, शेजारच्यांना त्याच उंचीवर बसवा आणि एक्सेलमधल्या फिकट पिवळ्या ओळींची पार्श्वभूमी गडद निळी किंवा हिरवी करून अक्षरे पांढरी करा.